डीओ डॉक्टरांच्या सीएमईचा खर्च: पैसे कुठे जातात आणि कुठे वाचतात

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन इथल्या कितीतरी मराठी घरांत आता एखादा तरी डीओ डॉक्टर असतो, किंवा होऊ घातलेला असतो. कॉलेजची फी किती, कर्ज किती, याचा हिशेब त्या घरांनी वर्षानुवर्षं केलेला असतो. रेसिडेन्सी संपून पहिली नोकरी लागली की मात्र एक नवा खर्च सुरू होतो, आणि त्याची आधी कुणी फारशी कल्पना देत नाही: लायसन्स टिकवण्याचा खर्च. संघटनांची वर्गणी, कॉन्फरन्सची नोंदणी, सीएमईचे, म्हणजे सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे, तास आणि नियंत्रित औषधं लिहिण्यासाठी लागणारा डीईएचा परवाना हे सगळं त्यात येतं. आईवडील महाराष्ट्रातले डॉक्टर असतील तर त्यांच्या डोळ्यांसमोर तिथलं चित्र असतं: महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट, आणि तेही बहुतेक आपल्याच गावात रविवारी होणाऱ्या सीएमईतून मिळणारे. ते आडाखे अमेरिकेत उपयोगी पडत नाहीत.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. अमेरिकेतला डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, हा एमडीच्या बरोबरीचा, औषधं लिहिणारा, शस्त्रक्रिया करणारा पूर्ण डॉक्टर असतो. ब्रिटनमधले ऑस्टिओपॅथ हा वेगळा व्यवसाय आहे. ते हाताने उपचार करतात, त्यांची नोंदणी वेगळी असते आणि त्यांना तीन वर्षांत ९० तासांचं शिक्षण पुरं करावं लागतं. इंटरनेटवर खर्च शोधताना या दोघांची माहिती एकमेकांत मिसळते, म्हणून आधी देश कोणता ते पाहावं. पुढचं सगळं अमेरिकेतल्या डीओंबद्दल आहे.

आधी राज्य, मग कॉन्फरन्स

पैसे वाया जातात ते मुख्यतः एकाच कारणाने. आपल्या राज्याला नेमकं काय हवं ते न पाहता लोक आधी कोर्स विकत घेतात. लायसन्स राज्य देतं, त्यामुळे नियमही राज्यागणिक बदलतो. पेनसिल्व्हेनियात डीओंचं मंडळ वेगळं आहे. तिथे दोन वर्षांत १०० तास लागतात आणि त्यांतले किमान २० तास अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशनच्या, म्हणजे एओएच्या, १-ए वर्गातले असावे लागतात. लायसन्सची मुदत सम वर्षाच्या ३१ ऑक्टोबरला संपते. फ्लोरिडात दोन वर्षांत ४० तास पुरतात, पण त्यांतलेही २० तास १-एचेच हवेत. पेनसिल्व्हेनियातून नदी ओलांडून न्यू जर्सीत आलात की एमडी आणि डीओ यांचं मंडळ एकच, दोन वर्षांत १०० क्रेडिट, आणि त्यांतली ४० पहिल्या वर्गातली. न्यूयॉर्कमध्ये तर तासांची सरसकट अटच नाही. तिथे ठरावीक विषयांचे कोर्स लागतात: इन्फेक्शन कंट्रोलचा दर चार वर्षांनी, आणि नियंत्रित औषधं लिहिणाऱ्यांना वेदना व ओपिऑइड या विषयाचे तीन तास दर तीन वर्षांनी.

म्हणजे न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या डीओने मैत्रिणीचं पाहून १-एच्या कॉन्फरन्सला हजार डॉलर घातले, तर ज्ञान मिळेल, पण लायसन्सच्या दृष्टीने तो खर्च अनाठायी. उलट पेनसिल्व्हेनियातल्या डॉक्टरने हॉस्पिटलातली फुकटची व्याख्यानं ऐकून ११० तास जमवले आणि १-एचे पुरे केले नाहीत, तर त्याचं नूतनीकरण अडतं. नियम बदलतही असतात. त्यामुळे कार्ड काढून पैसे भरण्याआधी त्याच दिवशी राज्याच्या मंडळाचं पान उघडून अट वाचावी. एवढं केलं तरी बराच खर्च आपोआप आटोक्यात येतो.

१-ए महाग का पडतं

एओएने सीएमईचे चार वर्ग पाडलेत: १-ए, १-बी, २-ए आणि २-बी. एओएची मान्यता असलेल्या संस्थेने घेतलेला, वक्त्याशी थेट प्रश्नोत्तरं होऊ शकणारा कार्यक्रम साधारणपणे १-ए. विद्यार्थ्यांना आपल्या दवाखान्यात शिकवणं यासारखी कामं १-बीमध्ये येतात. एमडींच्या व्यवस्थेत मान्य झालेली व्याख्यानं डीओच्या खात्यात २-ए म्हणून धरली जातात. घरबसल्या केलेलं बरंचसं वाचन २-बी. हॉस्पिटलात आठवड्याला होणारे ग्रँड राउंड्स फुकट असतात, पण ते बहुधा २-ए ठरतात. १-ए देऊ शकणाऱ्या संस्था मोजक्या, म्हणून त्याची किंमत चढी.

ही किंमत कशी बनते ते आकड्यांत पाहू. आकडे हिशेबापुरते धरलेत, आपले स्वतःचे घालून पाहावेत. समजा राष्ट्रीय कॉन्फरन्सची नोंदणी ८०० डॉलर, विमान ३५०, हॉटेलच्या चार रात्री ९२०, खाणंपिणं आणि टॅक्सी २५०. एकूण २,३२० डॉलर. हाती आली २५ क्रेडिट, म्हणजे एका क्रेडिटला जवळपास ९३ डॉलर. आता तेच राज्य संघटनेच्या वार्षिक सभेचं पाहा. नोंदणी ५००, हॉटेलच्या दोन रात्री ३२०, स्वतःच्या गाडीने गेल्यास पेट्रोल आणि जेवण १५०. एकूण ९७०, आणि २२ क्रेडिट धरली तर एका क्रेडिटला ४४ डॉलर. घरून थेट भाग घेता येईल असा २५० डॉलरचा, १२ क्रेडिटांचा कार्यक्रम मिळाला तर साधारण २१ डॉलर. यात बुडालेल्या कामाचे दिवस धरलेले नाहीत. पगारी डॉक्टरला सीएमईची रजा मिळते, स्वतःची प्रॅक्टिस असेल तर तीन दिवस दवाखाना बंद ठेवण्याचं नुकसान नोंदणीपेक्षा मोठं असू शकतं.

मोठी कॉन्फरन्स टाळावी असं मी म्हणत नाही. एओएची ओमेड, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑस्टिओपॅथीचं कॉन्व्होकेशन इथे हाताच्या उपचारांचे प्रत्यक्ष वर्ग होतात. टेबलावर रुग्णाच्या जागी सहकारी झोपलेला, शिकवणारा तुमच्या बोटांवर बोटं ठेवून दाब कुठे आणि किती ते दाखवतोय, ही गोष्ट पडद्यावर शिकता येत नाही. ज्यांच्या कामात हे तंत्र रोज लागतं त्यांनी तिथे जरूर जावं. फक्त तासांची भरती करायची असेल तर राज्याची सभा गाठावी.

कार्यक्रम घेताना जाहिरातीतलं ‘३० क्रेडिटपर्यंत’ हे वाक्य नीट वाचावं. एकाच वेळी तीन दालनांत सत्रं चालू असतात, आणि आपण बसलो त्याचीच क्रेडिट मिळतात. शिवाय सत्र संपल्यावर हजेरी आणि अभिप्राय भरावा लागतो, त्याला मुदत असते. ती चुकली तर पैसे भरून, तिथे बसूनही क्रेडिट हातची जातात. परतीच्या विमानात बसण्याआधी हे काम उरकावं. प्रमाणपत्रांची प्रत स्वतःकडे ठेवावी, कारण मंडळ नंतर तपासणीला मागू शकतं.

वर्गणी: कोणती लागते, कोणती लागत नाही

एओए १८९७ साली स्थापन झाली, अँड्र्यू टेलर स्टिल यांनी मिसूरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं ऑस्टिओपॅथीचं विद्यालय काढलं त्यानंतर पाच वर्षांनी. आज तिचं कार्यालय शिकागोत आहे. तिची वर्गणी प्रस्थापित डॉक्टरला वर्षाला काही शे डॉलर पडते, नव्यांना टप्प्याटप्प्याने वाढत जाते. राज्याची संघटना वेगळी, जसं पेनसिल्व्हेनियात पोमा, फ्लोरिडात फोमा. स्पेशालिटीची आणखी वेगळी. तिन्हींच्या वर्गण्या एकत्र केल्या तर आकडा सहज हजाराच्या पुढे जातो.

इथे एक जुनी समजूत अजून घराघरांत टिकून आहे, ती दुरुस्त करायला हवी. एओएच्या बोर्डाचं प्रमाणपत्र टिकवायचं तर एओएचं सदस्य राहावंच लागेल, अशी पूर्वी अट होती. त्याविरुद्ध काही डीओंनी २०१६ साली न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. २०१८ मध्ये तडजोड झाली आणि ती अट गेली. म्हणजे आता सदस्यत्व हा तुमचा स्वतंत्र निर्णय आहे. राज्याचं लायसन्सही कोणत्याही संघटनेच्या सदस्यत्वावर अवलंबून नाही.

मग भरावी की नाही? सवलतीचा हिशेब सोपा आहे. वर्गणी ४०० आणि कॉन्फरन्सवर सदस्याला २०० ची सूट, तर एका कॉन्फरन्सने ती वसूल होत नाही. पण सवलत हा एकच निकष मी मानत नाही. डीओंना आज जे सहज मिळतं, ते संघटनेने लढून मिळवलेलं आहे. कॅलिफोर्नियाची गोष्ट या व्यवसायात अजून सांगतात. १९६२ साली तिथल्या डीओंना एक छोटं सत्र आणि ६५ डॉलर एवढ्यावर एमडी पदवी देऊ केली गेली. दोन हजारांहून अधिक डॉक्टरांनी ती घेतली. त्याच वर्षी मतदारांनी नव्या डीओंना लायसन्स देणं बंद करणारा ठरावही मंजूर केला. ते दार १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उघडलं. ज्या राज्यात डीओंचं वेगळं मंडळ आहे, तिथे राज्य संघटनेची वर्गणी मी आधी भरेन. ती लहान असते, सभा जवळ होते, आणि विधिमंडळात काही शिजत असेल तर बातमी तिथूनच कळते. राष्ट्रीय संघटनेचं ज्याने त्याने ठरवावं.

बोर्डाच्या प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात: एसीजीएमईची मान्यता असलेल्या रेसिडेन्सीनंतर डीओला एओएचं बोर्ड किंवा एमडींच्या व्यवस्थेतलं एबीएमएसचं बोर्ड, कोणतंही घेता येतं. दोन्ही ठेवली तर दोन्हींचं शुल्क दरवर्षी चालू राहतं. हॉस्पिटल आणि विमा कंपन्या एक स्वीकारत असतील तर दुसरं कशासाठी, हे त्यांनाच विचारून घ्यावं.

टाळता न येणारे आकडे

नियंत्रित औषधं लिहायची तर डीईएची नोंदणी लागते: तीन वर्षांना ८८८ डॉलर. दोन राज्यांत अशी औषधं लिहीत असाल तर दोन नोंदण्या. जून २०२३ पासून या नोंदणीसाठी व्यसनाच्या आजारांविषयी एकदाच आठ तासांचं शिक्षण लागतं. यासाठी कुणी पॅकेज विकायला आलं तर थांबा. हे तास जमवून भरले तरी चालतात, आधी केलेले धरता येतात, आणि गेल्या पाच वर्षांत अमेरिकेतल्या कॉलेजातून बाहेर पडलेल्यांचं अभ्यासक्रमात हे शिक्षण झालेलं असेल तर त्यांना पुन्हा करावं लागत नाही. अनेक राज्यांत एकदम लायसन्स हवं असेल तर आंतरराज्यीय करारातून अर्ज करता येतो. त्या अर्जाचे ७०० डॉलर आणि प्रत्येक राज्याचं शुल्क वेगळं. एकाच शेजारच्या राज्याचं हवं असेल तर थेट अर्ज स्वस्त पडतो का, ते आधी पाहावं.

फुकट मिळणारं शिक्षणही कमी नाही. सरकारी सीडीसीचे कोर्स फुकट आहेत. ‘जर्नल ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’ कुणालाही मोफत वाचता येतं. पेनसिल्व्हेनियात बालशोषणाची खबर देण्याबाबतचं सक्तीचं प्रशिक्षण विनामूल्य उपलब्ध आहे, त्याला पैसे मोजू नयेत. आणि विद्यार्थ्यांना शिकवत असाल तर त्या कामाची क्रेडिट मागून घ्या. कित्येक डॉक्टर वर्षभर शिकवतात आणि कॉलेजकडून पत्र घ्यायचं राहून जातं. औषध कंपनीच्या फुकट जेवणाच्या भाषणाला मात्र सहसा क्रेडिट नसतं, आणि त्या जेवणाची किंमत तुमच्या नावासह सरकारच्या ओपन पेमेंट्स या जाहीर नोंदीत जाऊ शकते.

पैसे कुणाच्या खिशातून

नोकरीच्या करारात सीएमईचा भत्ता असतो, बहुतेक ठिकाणी वर्षाला काही हजार डॉलर. सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. लायसन्स, डीईए आणि बोर्डाचं शुल्क याच भत्त्यातून कापतात की वेगळं देतात? न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षी जाते की बुडते? नोकरी सोडली तर घेतलेले पैसे परत करावे लागतात का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर वर्षाला हजारभर डॉलरचा फरक पडतो, आणि सही होण्याआधी हे मुद्दे बदलून घेता येतात.

कराचा मुद्दा इथेच येतो. २०१८ पासून पगारी नोकराला स्वतःच्या खिशातून केलेला असा खर्च केंद्रीय करातून वजा करता येत नाही. त्यामुळे मालकाकडून परत मिळालेला एक डॉलर हा पगारवाढीच्या एका डॉलरपेक्षा मोलाचा, कारण त्यावर कर लागत नाही. स्वतःची प्रॅक्टिस असलेल्यांना मात्र तो व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येतो. पेनसिल्व्हेनियासारखी काही राज्यं पगारदारांनाही राज्याच्या करात सूट देतात. संघटनेच्या वर्गणीचा जो भाग सरकारदरबारी प्रचारासाठी खर्च होतो, तो कुणालाच वजा करता येत नाही. तो किती टक्के आहे ते बहुधा वर्गणीच्या बिलावरच बारीक अक्षरात छापलेलं असतं.

शेवटी एका आमिषाबद्दल. वर्ष संपत आलं की उरलेला भत्ता संपवण्यासाठी व्हिडिओ कोर्स आणि सोबत मोठ्या रकमेचं गिफ्ट कार्ड अशी पॅकेजं विकली जातात. ते कार्ड तुमचं उत्पन्न धरलं जातं, त्यावर कर बसतो. अनेक हॉस्पिटलं अशी बिलं नाकारतात, काही तर चौकशी लावतात. भत्ता उरलाच असेल तर पुढच्या वर्षीच्या राज्य सभेची नोंदणी आत्ताच करून टाकावी. डिसेंबरची पावती बहुतेक ठिकाणी चालू वर्षात धरतात, पण एचआरला आधी विचारून घ्या.