अस्वलासमोर कोणती बंदूक? – वर्गातल्या एका प्रश्नावरून तयार झालेला पाठ



दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट आपण सगळ्यांनीच मुलांना सांगितली आहे. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून पडून राहतो. अस्वल येतं, हुंगतं आणि निघून जातं. तात्पर्य सांगून आपण पुस्तक मिटतो. या वर्षी मात्र नववीतल्या एका मुलानं हात वर केला. "सर, त्यांच्याकडे बंदूक असती तर? आणि असती तर कोणती?"

वर्ग हसला. मीही "बस खाली" म्हणणार होतो. पण प्रश्न चांगला होता. जगात अशा जागा आहेत जिथे हा प्रश्न गंमतीचा नाही, रोजच्या जगण्याचा आहे. शिवाय नववीच्या विज्ञानात गतिज ऊर्जा आहे, गणितात सरासरी वेग आणि टक्केवारी आहे. म्हणून दोन तासिकांचा हा पाठ तयार केला. तो इथे देत आहे.

पाठाची उद्दिष्टे

१. वेग, अंतर, वेळ आणि गतिज ऊर्जा ही सूत्रे प्रत्यक्ष प्रसंगात वापरणे.
२. आकडेवारी वाचताना घाई न करणे.
३. धोका आणि साधन यांचा संबंध समजणे : साधन जवळ असणे आणि ते वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी विचारा : कोणतं अस्वल?

"अस्वल" हा एकच शब्द असला तरी प्राणी एक नाही. उत्तर ध्रुवाजवळचं पांढरं अस्वल पूर्ण मांसाहारी. नराचं वजन साधारण ३५० ते ६०० किलो. ते माणसाकडे भक्ष्य म्हणूनही पाहू शकतं. अलास्कातलं तपकिरी अस्वल, म्हणजे ग्रिझली, बहुतेक वेळा हल्ला करतं ते घाबरून. पिल्लं जवळ असतात, मारलेलं सावज राखायचं असतं, नाहीतर माणूस अचानक समोर येतो. आपल्या गोष्टीतल्यासारखं निपचित पडून राहणं अशा बचावाच्या हल्ल्यात ग्रिझलीसमोर उपयोगी पडू शकतं. भक्ष्य शोधत आलेल्या पांढऱ्या अस्वलासमोर ते मरण ओढवून घेणं ठरेल. म्हणजे गोष्टीचं तात्पर्यसुद्धा प्राणी पाहून बदलतं!

बंदूक हा खरोखरच नित्याचा विषय असलेली जागा म्हणजे स्वालबार. नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक महासागरातला हा द्वीपसमूह नकाशात मुलांना शोधायला लावा. तिथलं मुख्य गाव लाँगियरब्येन. वस्तीबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडे अस्वलाला घाबरवून पळवण्याचं योग्य साधन असलंच पाहिजे, असा तिथला कायदा आहे. त्यासोबत बंदूकही बाळगावी, अशी प्रशासनाची शिफारस आहे. कायद्यातला क्रम लक्षात घ्या. सक्ती आहे ती पळवण्याच्या साधनाची, मारण्याच्या नाही. पांढऱ्या अस्वलाला तिथे १९७३ पासून संरक्षण आहे. अस्वल मारलं गेलं तर प्रत्येक वेळी चौकशी होते. १ जानेवारी २०२५ पासून तर माणसानं अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर, असा नियम आहे.

मग बंदूक कोणती?

तिथे सर्वसाधारणपणे मोठ्या कॅलिबरची रायफल नेतात : .३०८ विंचेस्टर किंवा .३०-०६ स्प्रिंगफील्ड. त्याहून लहान चालत नाही. का, ते मुलांनाच काढू द्या. फळ्यावर सूत्र लिहा :

गतिज ऊर्जा = १/२ × वस्तुमान × वेगाचा वर्ग

• ९ मिमी पिस्तुलाची गोळी : वस्तुमान सुमारे ८ ग्रॅम, वेग सुमारे ३५० मीटर प्रति सेकंद. ऊर्जा सुमारे ४९० ज्यूल.
• .३०-०६ रायफलीची जड गोळी : वस्तुमान सुमारे १४ ग्रॅम, वेग सुमारे ७४० मीटर प्रति सेकंद. ऊर्जा सुमारे ३,८०० ज्यूल.

वस्तुमान दुप्पटही नाही, वेग दुपटीहून थोडा जास्त, पण ऊर्जा जवळजवळ आठपट. वेगाचा वर्ग का महत्त्वाचा, हे एका उदाहरणात कळतं. (ग्रॅमचे किलोग्रॅम करायला निम्मा वर्ग विसरतो, तेवढं पाहा.)

पण ऊर्जा म्हणजे सगळं नाही. अस्वलाची कातडी, चरबी, खांद्याचे जाड स्नायू आणि हाडं भेदून गोळी आत खोल गेली पाहिजे. अमेरिकेच्या वनसेवेनं १९८३ मध्ये अलास्कातल्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वेगवेगळ्या बंदुकांची जवळच्या अंतरावरून चाचणी घेतली होती. त्यात मोठ्या कॅलिबरच्या, जड गोळीच्या रायफली वरच्या क्रमांकावर आल्या. बारा बोअरच्या बंदुकीत एकच जाड गोळी असलेलं काडतूस, म्हणजे स्लग, घातलं तर जवळून ते कामाचं. छर्रे मात्र अपुरे, कारण ते विखुरतात आणि खोल जात नाहीत. शिकारीच्या गोष्टी वाचलेल्या मुलांना याचं नवल वाटतं.

रायफलीला पर्याय म्हणून काही जण मोठ्या कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावतात. त्याची ताकद रायफलीच्या निम्म्याहूनही कमी. पण पाठीवरची पिशवी, हातातली काठी सांभाळताना ते कायम हाताशी राहतं. रायफल जास्त ताकदवान, पण तंबूच्या कोपऱ्यात ठेवलेली असली तर? इथून पाठाचा खरा भाग सुरू होतो.

दोन सेकंदांचा उपक्रम

ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगानं धावू शकतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मीटर. आता अंतरं द्या आणि वेळ काढायला सांगा :

९० मीटर – ६ सेकंद
६० मीटर – ४ सेकंद
३० मीटर – २ सेकंद

मग मुलांना मैदानावर न्या. ३० मीटर मोजून खूण करा. प्रत्येकानं पाठीवर दप्तर घ्यायचं, दप्तरात पाण्याची बाटली. शिट्टी वाजली की दप्तर उतरवायचं, चेन उघडायची, बाटली काढायची, झाकण काढायचं आणि दोन्ही हातांनी समोर धरायची. स्टॉपवॉच एका मुलाकडे. आमच्याकडे दोन सेकंदांत कोणालाच जमलं नाही. चार सेकंदांतही नाही. मग तीच बाटली हातात धरून, झाकण सैल करून पुन्हा करायला लावलं. बऱ्याच जणांना जमलं. मी काही समजावलं नाही. ज्यानं बंदुकीचा प्रश्न विचारला होता, तोच म्हणाला, "सर, म्हणजे कोणती बंदूक हे नंतर. आधी ती कुठे ठेवली आहे ते."

फवारा आणि बंदूक : आकडे कसे वाचायचे

अलास्कात अस्वलांसाठी मिरचीचा फवाराही वापरतात. आपल्या मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन हेच त्यातलं मुख्य द्रव्य. मारा साधारण ८ ते ९ मीटर. अस्वलाचे डोळे, नाक झोंबतात, ते मागे फिरतं आणि पुढे बरंही होतं.

टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी यावर दोन अभ्यास केले. २००८ च्या अभ्यासात फवारा वापरल्याच्या अलास्कातल्या ८३ घटना होत्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा त्यांचं नको असलेलं वागणं थांबलं. २०१२ च्या अभ्यासात बंदुकीच्या २६९ घटना पाहिल्या. लांब नळीच्या बंदुकांना ७६ टक्के यश, पिस्तूल-रिव्हॉल्व्हरना ८४ टक्के.

इथे थांबा आणि विचारा, "मग पिस्तूल रायफलीपेक्षा चांगलं का?" बहुतेक मुलं हो म्हणतील. पण मघाचा ज्यूलचा हिशेब वेगळं सांगतो. मग चर्चा घडवा. घटना सारख्या होत्या का? फवाऱ्याच्या कित्येक घटनांत अस्वल चाल करून येत नव्हतं, नुसतं कुतूहलानं जवळ आलं होतं. बंदूक उचलली जाते ती बहुधा प्रसंग हाताबाहेर जाताना. त्यामुळे ९२ आणि ७६ हे आकडे शेजारी मांडून "फवारा जिंकला" असं म्हणता येत नाही. फवाऱ्याच्याही मर्यादा आहेत : वारा उलटा असला तर तो आपल्याच तोंडावर येतो, कडाक्याच्या थंडीत डब्यातला दाब कमी होतो.

बंदुकीच्या अभ्यासातला माझ्या मते सर्वांत मोलाचा निष्कर्ष टक्केवारीचा नाहीच. बंदूक जवळ असलेल्यांपैकी ज्यांनी ती वापरली आणि ज्यांनी वापरली नाही, त्यांना इजा होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. बंदूक निष्फळ का ठरली, याच्या कारणांत वेळच न मिळणं हे मोठं कारण होतं. बंदुकीत बिघाड होणं, सेफ्टीचा खटका लागलेला राहणं, नेम चुकणं हीही कारणं होती. "गोळी लहान पडली" एवढ्यावर गोष्ट संपत नाही.

२०११ चा ऑगस्ट

हा भाग वर्गात सांगायचा की नाही, हे मुलांचं वय पाहून ठरवा. आपण शिक्षकांनी मात्र वाचायलाच हवा.

ऑगस्ट २०११ मध्ये ब्रिटनमधल्या तरुण विद्यार्थ्यांचा एक गट स्वालबारमध्ये मोहिमेवर होता. हिमनदीजवळ तंबू ठोकलेले. तंबूंभोवती तारेचं कुंपण होतं. अस्वलाचा धक्का लागला की त्यातला बार उडावा आणि सगळे जागे व्हावेत, अशी योजना. सकाळी उपाशी अस्वल आलं. बार उडालाच नाही. रात्री पाळीनं पहारा ठेवलेला नव्हता. गटप्रमुखाकडे रायफल होती, योग्य कॅलिबरची, नियमात बसणारी. त्यानं ती चालवायचा प्रयत्न केला, पण काडतुसं न उडताच बाहेर पडत गेली. ती माउझर ९८ प्रकारची रायफल. तिचा सेफ्टीचा खटका तीन जागी बसतो. मधल्या जागी असला तर बोल्ट मागेपुढे होतो, काडतूस बाहेर पडतं, पण गोळी सुटत नाही. अखेर खाली पडलेलं काडतूस उचलून, पुन्हा भरून त्यानं अस्वल मारलं. तोवर १७ वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला होता. चौघं जखमी झाले होते, आणि त्यात तो गटप्रमुखही होता.

हे वाचून त्या माणसाला दोष देणं सोपं आहे. अस्वल अंगावर असताना आपल्या हातून काय झालं असतं? बंदूक योग्य होती. कमी पडला तो सराव, तपासणी आणि पहारा. लाँगियरब्येनमधल्या विद्यापीठ केंद्रात नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच सुरक्षेचं प्रशिक्षण देतात, त्यात रायफल भरणं, रिकामी करणं आणि नेम धरणं असतं. सिग्नल पिस्तुलाचा बार अस्वलाच्या पलीकडे नाही, तर आपल्या आणि अस्वलाच्या मधे पडला पाहिजे, हेही तिथे शिकवलं जातं. पलीकडे पडला तर ते घाबरून आपल्याच दिशेला धावेल! एवढी साधी गोष्ट, पण सराव नसेल तर ऐन वेळी सुचत नाही.

सहल काढताना आपण प्रथमोपचार पेटी घेतो. ती शेवटची कधी उघडली होती? वर्गाबाहेर अग्निशामक सिलिंडर लटकतो. त्याची पिन कशी काढायची, हे शाळेत किती जणांना येतं? मी आमच्या शाळेत विचारलं. दोघांना येत होतं. त्या दोघांत मी नव्हतो. पुढच्याच शनिवारी आम्ही सगळ्या शिक्षकांनी ते शिकून घेतलं.

आपल्याकडचं अस्वल

विदर्भातल्या शिक्षकांना हा विषय परका नाही. मेळघाट, ताडोबा, गडचिरोली, बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य इथे अस्वलं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला गेलेली माणसं आणि तीच फुलं खायला आलेलं अस्वल समोरासमोर येतात. आपलं अस्वल माणसाला भक्ष्य समजत नाही. त्याची नजर अधू, वारूळ उकरताना ते गुंग असतं आणि दचकलं की अंगावर येतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार ते अनुसूची १ मध्ये आहे. बंदुकीला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो. जीव वाचवण्यासाठी नाइलाजानं प्राणी मारला गेला तर कायदा ते समजून घेतो. पण मोह वेचणाऱ्या बाईच्या हातात टोपली असते, बंदूक नाही. तिच्यासाठी योग्य साधन म्हणजे पुरतं उजाडल्यावर जाणं, घोळक्यानं जाणं, मोठ्यानं बोलत राहणं, काठीला घुंगरू बांधणं. अस्वलाला आपली चाहूल आधीच लागली तर बहुतेक वेळा ते स्वतःच वाट सोडतं.

स्वाध्याय

१. पांढरं अस्वल ताशी ४० किलोमीटर वेगानं धावलं तर ५० मीटर अंतर किती सेकंदांत कापेल?
२. गोळीचं वस्तुमान दुप्पट केलं तर ऊर्जा कितीपट? वेग दुप्पट केला तर?
३. स्वालबारच्या कायद्यात पळवण्याचं साधन सक्तीचं, बंदूक मात्र शिफारशीपुरती. असं का असेल? पाच ओळी लिहा.
४. तुमच्या घरात किंवा शाळेत संकटासाठी ठेवलेली तीन साधनं शोधा. ती वापरायला कोणाला येतात, ते विचारून तक्ता करा.

पालकांना विनंती : चौथा प्रश्न मुलांसोबत तुम्हीही सोडवा. घरातला गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करणं मुलाला येतं का, तेवढं आज संध्याकाळीच पाहा.