गरम पाण्याच्या हौदात उतरण्यापूर्वी

जपानच्या वाकायामा प्रांतात कोयासान हा बौद्ध विहारांचा डोंगर आहे. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. आपले उपासक-उपासिका तिथे वंदनेला जातात आणि त्याच प्रवासात एखादी रात्र गरम पाण्याच्या झऱ्यावर काढतात. या झऱ्याला जपानीत ओन्सेन म्हणतात आणि त्यावरच्या पारंपरिक मुक्कामघराला रियोकान. जाण्याआधी लोक तिकीट, व्हिसा, थंडीचे कपडे यांची चौकशी करतात. "मला शुगर आहे, गरम पाण्यात बसलेले चालेल का?" हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून या वेळचे आरोग्य पान या एका मुक्कामासाठी.

गरम पाणी आणि धम्म

गरम पाण्याचा विषय आपल्याला परका नाही. राजगृहाजवळ तपोदा नावाचे गरम पाण्याचे झरे होते, आजही आहेत. विनयपिटकात गोष्ट येते की भिक्खू तिथे फार वेळ स्नान करत राहिले आणि बिंबिसार राजाला ताटकळत थांबावे लागले. तेव्हा भगवंतांनी स्नानावर मर्यादा घातली. पण आजारी भिक्खू, कडक उन्हाळा, श्रमाचे काम आणि प्रवास यांना त्या नियमातून सूट दिली. चुल्लवग्गात वैद्य जीवकाने भिक्खूंच्या आरोग्यासाठी दोन गोष्टी मागितल्याचे सांगितले आहे : चालण्यासाठी चंक्रमण आणि घाम काढण्यासाठी जंताघर, म्हणजे उष्ण स्नानगृह. दोन्हींना परवानगी मिळाली. यातून दोन धडे मिळतात. पाणी सर्वांचे आहे, ते अडवून बसू नये. आणि प्रत्येकाच्या शरीराला एकच नियम लागू होत नाही.

मुक्काम कसा असतो

रियोकानच्या दारातच पादत्राणे काढायची. खोलीत ताटामी म्हणजे गवती चटया अंथरलेल्या असतात, त्यावर चपलासुद्धा चालत नाही. शौचालयासाठी वेगळ्या सपाता असतात, त्या तिथेच ठेवून यायचे. घालायला युकाता हा सुती अंगरखा मिळतो. त्याची डावी बाजू उजव्या बाजूवर यावी. उलटा नेसवतात तो मृत व्यक्तीला.

झोपायचे जमिनीवरच्या गादीवर. गुडघे दुखत असतील तर खोली ठरवतानाच पलंग आणि खुर्ची असलेली खोली मागावी. यात लाजण्यासारखे काही नाही.

रात्रीचे जेवण ठरलेल्या वेळी आणि छोट्या छोट्या वाट्यांतून येते. मासे, भाज्या, टोफू, सोयाबीनच्या मिसोचे सूप, लोणची, भात. तेल कमी, ही चांगली बाजू. पण सोया सॉस, मिसो आणि लोणची यांत मीठ भरपूर असते. रक्तदाब असणाऱ्यांनी सॉस ओतून न घेता टेकवून घ्यावा आणि सूपाचा शेवटचा घोट सोडून द्यावा. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी ताट समोर आल्याशिवाय सुई टोचू नये. वाट्या येत राहतात, भात बहुधा शेवटी येतो, आणि तोवर साखर उतरू शकते.

आधी अंघोळ, मग हौद

ओन्सेनचा मुख्य नियम असा की हौद हा अंघोळीसाठी नसतो. अंघोळ आधी करायची. भिंतीलगत नळ, बादली आणि छोटे स्टूल असते. तिथे बसून साबणाने सर्वांग धुवायचे, फेस पूर्ण काढायचा, मग हौदात उतरायचे. स्त्रिया आणि पुरुष यांचे हौद बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. अंगावर कपडा चालत नाही. हातातला छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. लांब केस वर बांधायचे.

आपल्या बायकांना कपड्यांशिवाय उतरणे पहिल्यांदा जड जाते. तिथे कोणी कोणाकडे बघत बसत नाही. तरीही नको वाटले तर अनेक रियोकानमध्ये तासाच्या हिशोबाने कुटुंबासाठी स्वतंत्र हौद मिळतो. पाळीच्या दिवसांत सार्वजनिक हौदात उतरू नये. याचा विटाळाशी काडीचा संबंध नाही. ते पाणी अनेकांचे आहे, एवढेच कारण. खोलीतल्या न्हाणीघरात खुशाल अंघोळ करावी.

आपल्या तरुणांच्या दंडावर 'जय भीम' किंवा अशोकचक्र गोंदलेले असते, आजीच्या हातावर जुने गोंदण असते. जपानमध्ये गोंदण गुन्हेगारी टोळ्यांशी जोडले गेल्याने अनेक हौदांत ते चालत नाही. आधीच विचारून घ्यावे. काही ठिकाणी चिकटपट्टीने झाकलेले चालते. नाहीतर स्वतंत्र हौद घ्यावा.

शरीरात काय घडते

हौदाचे पाणी साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. त्या उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैल पडतात, सांध्यांचा ताठरपणा कमी होतो. म्हणून बरे वाटते. पण त्याच कारणाने रक्तदाब खाली येतो. पटकन उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ओल्या फरशीवर माणूस पडतो. घामही जातो, पाण्यात बसल्याने तो कळत नाही.

म्हणून उतरण्याआधी एक पेला पाणी प्यावे आणि बाहेर आल्यावर एक. पायांपासून सुरुवात करून अंगावर गरम पाणी घ्यावे, मग सावकाश उतरावे. पहिल्या खेपेस पाच मिनिटे पुरे, दहाच्या पुढे जाऊ नये. कठडा धरून हळू उठावे. भरल्या पोटी, उपाशीपोटी किंवा दारू पिऊन उतरू नये. वृद्धांनी एकटे जाऊ नये. थंडीत गार खोलीतून एकदम गरम पाण्यात गेल्याने रक्तदाब झपाट्याने वर-खाली होतो. हिवाळ्यात न्हाणीघरात वृद्ध दगावणे ही जपानमध्ये जुनी चिंता आहे.

कोणी काय जपावे

*मधुमेह :* पायाची संवेदना कमी असेल तर पाणी किती गरम आहे हे पायाला कळत नाही. वॉर्डात काम करताना आम्ही गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेले तळवे पाहिले आहेत. रुग्णाला पत्ताच नव्हता, चटका बसल्याचे घरच्यांनी सांगितले. पाणी कोपराने तपासावे, किंवा सोबतच्या माणसाला तपासायला सांगावे. पायाला जखम असेल तर उतरूच नये. इन्सुलिन घेतल्यावर लगेच गरम पाण्यात बसू नये. उष्णतेने ते लवकर भिनते आणि साखर एकदम उतरू शकते.

*सिकलसेल :* विदर्भातल्या वाचकांनी हे नीट वाचावे. एसएस रुग्णाला शरीरातले पाणी कमी होणे आणि तापमानात एकदम बदल होणे, दोन्ही धोक्याचे. त्याने वेदनेचा झटका येऊ शकतो. गरम हौदातून थेट थंड पाण्याच्या हौदात उडी मारण्याची हौस तर अजिबात करू नये. बर्फात उघड्यावरच्या हौदात बसणे टाळावे. जायचेच असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून, कोमट पाण्यात, थोडा वेळ. एएस वाहकांनी पाणी पीत राहावे.

*हृदयरोग :* नुकताच झटका येऊन गेला असेल, थोडे चालले तरी छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर हौद नको. इतरांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने छातीखालपर्यंतच्या पाण्यात बसावे.

*गरोदरपण :* जपान सरकारने २०१४ साली मनाईच्या यादीतून गरोदरपण वगळले. तरीही पहिल्या महिन्यांत शरीर फार तापू देऊ नये. घसरण्याची भीतीही असतेच. डॉक्टरांना विचारूनच जावे.

*दमा आणि त्वचा :* गंधकाच्या झऱ्यांवर सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्या वायूने दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून हवा खेळती नसेल तर बाहेर यावे. चांदीची जोडवी, पैंजण आधी काढून ठेवावीत, नाहीतर काळी पडतात. कुसात्सुसारख्या ठिकाणचे पाणी तीव्र आम्लधर्मी असते, चिरलेल्या जागी झोंबते. कातडी नाजूक असेल तर बाहेर पडताना साध्या पाण्याने अंग धुवावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. झऱ्याच्या पाण्याने आराम मिळतो, मधुमेह किंवा रक्तदाब बरा होत नाही. गोळ्या चालूच ठेवाव्यात.

पाण्यात कोणाला उतरू देतात?

हौदात अंगावर कपडे नसतात, त्यामुळे कोण साहेब, कोण कामगार हे कळत नाही. हे ऐकून आपल्याला आनंद होतो. पण तिथेच थांबू नये.

वर उल्लेख आलेले कुसात्सु हे जपानच्या सर्वात नामांकित झऱ्यांपैकी एक. तिथे कुष्ठरोगी उपचाराच्या आशेने येत. आधी त्यांची वस्ती गावाच्या एका टोकाला झाली. १९३२ साली तिथे त्यांच्यासाठी सरकारी कोंडवाड्यासारखे आरोग्यधाम उघडले. त्या आवारात १९३८ ते १९४७ या काळात एक शिक्षाकोठडी होती. डोंगरातल्या गोठवणाऱ्या थंडीत ९३ रुग्ण तिथे डांबले गेले, त्यातले २३ मरण पावले. गुन्हा होता आजार, आणि त्याविरुद्ध तोंड उघडणे.

सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा जपानने १९९६ साली रद्द केला. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरवला. तरीही २००३ साली त्याच कुमामोतो प्रांतातल्या एका ओन्सेन हॉटेलने बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांना मुक्काम नाकारला. 'इतर पाहुण्यांना आवडणार नाही' हे कारण दिले. या लोकांनी हॉटेलची वरवरची माफी स्वीकारली नाही, तेव्हा त्यांनाच शिव्यांची पत्रे आली. प्रांत सरकारने त्या हॉटेलवर कारवाई केली.

कुष्ठरोग हौदाच्या पाण्यातून पसरत नाही. औषधाने तो पूर्ण बरा होतो. म्हणजे ती भीती विज्ञानाची नव्हती, ती आपल्या ओळखीची होती. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी प्यायले, तेव्हा समोर उभी होती तीच भीती : यांच्या स्पर्शाने पाणी बाटते.

जपानमध्येच याचे उत्तर देणारी एक जुनी आख्यायिका आहे. आठव्या शतकातली सम्राज्ञी कोम्यो हिने स्नानगृह बांधून हजार लोकांना स्वतःच्या हाताने न्हाऊ घालण्याचा संकल्प केला. हजारावा आला तो कुष्ठरोगी. तिने त्यालाही न्हाऊ घातले, आणि तो बुद्ध निघाला. चमत्कार आपण सोडून देऊ. आजारी माणसाला हात लावणारी ती बाई आपण घेऊ. परिचारिकेचे काम तरी दुसरे काय असते?

हौदात उतरण्याआधी अंग धुवायचे ते स्वच्छतेसाठी. स्वच्छता साबणाने येते, जातीने नाही आणि आजार नसण्याने नाही. महाडला जाणाऱ्या बांधवांनी तिथून थोड्या अंतरावरचे सवचे गरम झरेही पाहावेत, आणि आपल्या वस्तीत कुष्ठरोगातून बरा झालेला कोणी असेल तर त्यालाही सोबत न्यावे.

जय भीम. नमो बुद्धाय.