बांध कुठे फुटला?

(कर्जत. मेहुण्यांचा बायोप्सी रिपोर्ट घेऊन नाना बसले आहेत. मुंबईत पॅथॉलॉजिस्ट असलेली पुतणी सुट्टीला गावी आली आहे.)

नाना : रक्तातला पीएसए फारसा वाढलेला नाही, तरी प्रोस्टेटचा ‘स्मॉल सेल कार्सिनोमा’ लिहिलाय. चुकलं तर नाही ना गं?

पुतणी : तेवढ्यावरून चूक म्हणता येत नाही, नाना. या पेशी पीएसए फार थोडं बनवतात, कधी बनवतच नाहीत. त्यामुळे रोग वाढला तरी आकडा लहान राहू शकतो.

नाना : मग ओळखता कसा?

पुतणी : सुईने साधारण 12 बारीक तुकडे काढतात. ते फॉर्मॅलिनमधून मेणाच्या ठोकळ्यात जातात. त्याचे 3-4 मायक्रॉनचे काप रंगवले की केंद्रकं निळी दिसतात, बाकीचं गुलाबी. निरोगी ग्रंथीला वावराच्या बांधासारखा बेसल पेशींचा थर असतो. नेहमीच्या कॅन्सरमध्ये तो नाहीसा होतो.

नाना : बांध गेला हे नक्की कसं कळतं?

पुतणी : पी63 मार्कर लावायचा. बांध असेल तिथे केंद्रकं तपकिरी उमटतात. पण डक्टल प्रकारात कॅन्सर जुन्या नळ्यांतून पसरतो, तेव्हा काही ठिकाणी बांध शाबूतच असतो. फोमी ग्लँड प्रकारात पेशी फेसाळ आणि केंद्रकं लहान, चटकन निरोगी वाटावीत अशी. म्हणून आधी रचना बघायची, मग मार्करला विचारायचं.

नाना : आणि आमचा प्रकार?

पुतणी : गर्द निळ्या पेशी, दाटीवाटीने. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन हे मार्कर बहुधा उमटतात. केआय-67 बहुतेक पेशींत दिसतो, म्हणजे वाढ झपाट्याची. नेहमीच्या प्रोस्टेट कॅन्सरसारखा ग्लीसन स्कोअर याला देत नाहीत.

नाना : नाव बदललं म्हणून उपचार बदलतो?

पुतणी : बदलतो. नुसत्या हार्मोनच्या उपचाराने हा आवरत नाही. साधारणपणे सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिनसोबत एटोपोसाइड देतात. म्हणून खात्री हवी, पण वेळ दवडायचा नाही.

नाना : खात्रीसाठी पुन्हा सुई?

पुतणी : बहुतेक वेळा लागत नाही. ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो. लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या, टाटा मेमोरियलला पुन्हा तपासून घेऊ. 1941 साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी पॅथॉलॉजीचा पाया घातला.

नाना : उद्याच आणतो.

पुतणी : एसटीत खिडकीच्या उन्हात ठेवू नका. मेण आहे ते.