मेघसंगणन : गोदामाच्या उदाहरणाने एक पाठ

(इयत्ता ४ थी व ५ वी)



शाळेची माहिती आज यू-डायस प्लसवर भरली जाते. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर संकेत २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’कडे नेतो. हे सारे ‘क्लाउडवर’ असते असे आपण म्हणतो आणि मूल सहजच आकाशाकडे पाहते. त्याचा तो समज दूर करणे हा या पाठाचा हेतु होय.

प्रस्तावना : परिचिताकडून अपरिचिताकडे जावे. भिवंडीभोवतीची गोदामे मुलांनी पाहिलेली आहेत. त्यांना विचारावे, ‘मुंबईचा व्यापारी स्वतःची इमारत न बांधता माल येथे का ठेवतो?’ हवी तेवढी जागा भाड्याने मिळते, गरज सरताच सोडता येते, राखण दुसरा करतो, अशी उत्तरे मुलेच देतील.

विवेचन : मेघसंगणन हा असाच व्यवहार आहे. फरक इतकाच, की येथे माल म्हणजे माहिती आणि गोदाम म्हणजे संगणकांनी भरलेली इमारत, डेटा सेंटर. अशी केंद्रे आपल्याच जिल्ह्यात ऐरोली, महापे भागांत आहेत. त्यांना अहोरात्र वीज लागते व यंत्रे सतत थंड ठेवावी लागतात. तात्पर्य, हा मेघ जमिनीवरच आहे.

नव्या प्रवाहांपैकी एक असा की, वारंवार लागणारी माहिती दूरच्या केंद्राऐवजी वापरणाऱ्याच्या जवळ, लहान केंद्रात ठेवावी. मोठ्या गोदामातील माल आधीच गावच्या दुकानात आणून ठेवावा, तसेच हे.

कृति : आठ शब्दांचे एक वाक्य आठ चिठ्ठ्यांवर लिहावे. प्रत्येकीवर अनुक्रम व घेणाऱ्याचे नाव घालावे. चिठ्ठ्या निरनिराळ्या रांगांतून हातोहात पाठवाव्यात. घेणाऱ्याने त्या क्रमाने जुळवाव्यात. जाळ्यातून संदेश असेच तुकड्यांनी जातात. मग मधल्या एका मुलास हात बांधून बसवावे. चिठ्ठ्या दुसऱ्या वाटेने जातील. शेवटी घेणाऱ्याजवळची एकच वाट ठेवून ती बंद करावी, संदेश अडेल. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ समुद्रतळाच्या तारा तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट मंदावले ते वाटा कमी पडल्यामुळेच. ज्या गावी एकच तार पोहोचते, तेथे ती तुटली की काम थांबते, हे मुलांना आता सांगावे लागणार नाही.

उपयोजन : गोदाम दुसऱ्याचे असले तरी किल्ली आपल्या हाती असते. मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक हा आपल्याकडे सोपविलेला ठेवा आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील सर्वांस मूल मानले आहे. म्हणून परवलीचा शब्द भिंतीवर लिहू नये, परक्याच्या हाती देऊ नये. जनरल रजिस्टरातील नोंद स्वच्छ ठेवावी व संगणकावरील नोंद तिच्याशी ताडून पाहावी. तेथे चुकलेली एक जन्मतारीख मुलाला पुढे जन्मभर अडवू शकते.

स्वाध्याय :
१. क्लाउडला गोदाम का म्हणावे?
२. चिठ्ठीवर अनुक्रम नसता तर काय झाले असते?
३. आपल्या गावात इंटरनेट कोणत्या वाटेने येते, ते पाहून लिहा.