बोकड पोसण्याचा चार महिन्यांचा हिशेब

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याला २०१५ साली दुरुस्ती झाली आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आली. रेडकांचा विषय वेगळा आहे. चिंचवड, भोसरी, चाकण भागातील आपल्या बांधवांना लहान जनावर पोसून विकावयाचे तर बोकड हाच सोपा मार्ग होय.

ईदुल अज्हा दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२३ साली ती २९ जूनला, २०२४ ला १७ जूनला, २०२५ ला ७ जूनला आली. पुढील काही वर्षे ती मे-एप्रिलमध्ये येईल. म्हणजे खरेदी जानेवारीत करावी लागते. याच सुमारास तुरीचे, मागोमाग हरभऱ्याचे भूस निघते. ते तेव्हाच भरून ठेवावे. उन्हाळ्यात चाऱ्याचा भाव दिवाळीतल्या कापडासारखा चढतो.

चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. तेथे वजनापेक्षा आधी वय पाहावे. हनफी मसलकात बोकड वर्षाचा पूर्ण लागतो आणि गिऱ्हाईक दोन दात पाहूनच हात पुढे करते. सहा महिन्यांचे पिल्लू स्वस्त मिळते, पण ईदपर्यंत दात येत नाहीत. दहा महिन्यांचे घ्यावे. कोकणी गिऱ्हाईक बहुधा शाफई. त्यांना दोन वर्षे पूर्ण झालेला लागतो. लंगडा किंवा काणा बोकड कुर्बानीस चालत नाही, म्हणून गोठ्यात खिळा, तार राहू देऊ नये. खस्सी चालतो.

चराईवर मात्र आम्ही भरवसा ठेवत नाही. महाळुंगे, कुरुळीकडचे बरेच माळ कारखान्यांखाली गेले, आणि उरलेल्या जागेत प्लास्टिक पोटात जाण्याचे भय. बांधूनच पोसावे. नवे जनावर पंधरा दिवस वेगळे ठेवावे, जंताचे औषध द्यावे, आंत्रविषार व पीपीआरची लस पशुवैद्याकडून टोचून घ्यावी.

वीस किलोच्या बोकडास दिवसाला सुमारे ८०० ग्रॅम कोरडा आहार लागतो. त्यात २५० ग्रॅम खुराक : मक्याचा भरडा, पेंड, गव्हाचा कोंडा, थोडे मीठ व खनिज मिश्रण. बाकी भूस, आणि मिळाल्यास शेवरी किंवा सुबाभळीचा पाला. खुराक ५० ग्रॅमपासून सुरू करून दोन आठवड्यांत वाढवावा. लवकर वजन यावे म्हणून एकदम धान्य घातले की पोटात आंबते व जनावर एका रात्रीत हातचे जाते. खस्सीस जास्त धान्याने मूतखडाही होतो. स्वच्छ पाणी सतत समोर हवे.

आता हिशेब. दिवसाला ६० ग्रॅम वाढ धरली तर १२० दिवसांत सात किलोंच्या आसपास वजन चढते. खुराक लागतो ३० किलो. किलोस ३० रुपये धरले तरी ९०० रुपये. भूस, लस, औषध, राखणदार वेगळे. नुसत्या वजनावर फार काही उरत नाही. नफा आहे तो ईदच्या भावात, आणि तो भाव दोन दाती, निर्दोष जनावरालाच मिळतो. म्हणून पहिल्या वर्षी पाच-सहाच बोकड बांधावेत, दर पंधरा दिवसांनी वजन करून वहीत लिहावे, आणि ज्याचे वजन दोनदा चढले नाही तो ईदची वाट न पाहता विकून टाकावा.