विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक.: सुरुवात प्रबंधापासून करा

एम.टेक.ला जाणारे बरेच विद्यार्थी आधी संस्थेचं नाव धरतात, मग मिळेल ती शाखा घेतात आणि शेवटी ज्या गाइडकडे जागा उरली असेल त्यांच्याकडे जातात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. दोन वर्षांतला जवळपास निम्मा वेळ प्रबंधाच्या एकाच प्रश्नावरच्या कामात जातो. पुढे मुलाखत नोकरीची असो की पीएच.डी.ची, विचारणा होते ती त्याच कामाची.

म्हणून सर्वांत आधी कामाची जात ओळखा. पॉवर सिस्टिम्सचा विद्यार्थी दिवसचे दिवस संगणकावर लोड फ्लो आणि स्थिरतेची गणितं करतो. सॉलिड स्टेट डिव्हाइसेसचा विद्यार्थी अंगभर झाकणारा पोशाख घालून क्लीन रूममध्ये असतो. व्हीएलएसआयमध्ये ले-आउट आणि सिम्युलेशन, तर पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये सोल्डरिंग, ऑसिलोस्कोप आणि मधूनमधून जळणारे मॉसफेट. यातलं आपल्याला काय झेपतं आणि काय आवडतं, हे बी.ई.च्या शेवटच्या वर्षातच करून बघा. एलटीस्पाइस फुकट मिळतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम तर मुक्त स्रोत आहे. त्यावर एक छोटा बक कन्व्हर्टर उभारा. मग तोच प्रत्यक्ष बांधा; सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळतील. दोन आठवडे त्यात रमलात, तर उत्तर मिळालं.

मग गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा. ती फेब्रुवारीत असते आणि अर्ज साधारणपणे आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यांपैकी १५ गुण सामान्य क्षमतेचे आणि सुमारे १३ गुण अभियांत्रिकी गणिताचे. म्हणजे मशीन्स किंवा कम्युनिकेशनला हात लावायच्या आधीच चौथ्या हिश्शाहून जास्त गुण समोर असतात आणि मुलं तेच शेवटच्या महिन्यावर ढकलतात. तयारीची सुरुवात गणित, नेटवर्क्स आणि सिग्नल्स अँड सिस्टिम्सपासून करा, कारण कंट्रोल आणि कम्युनिकेशन त्यांच्यावरच उभे आहेत. बहुपर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एका गुणामागे एक तृतीयांश गुण कापला जातो. संख्या लिहायच्या प्रश्नांना आणि एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नांना मात्र कापाकापी नाही, त्यामुळे ते कोरे सोडू नका. निकालापासून तीन वर्षं गुण ग्राह्य धरतात आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही परीक्षेला बसता येतं, तेव्हा एक संधी लवकर घ्यायला हरकत नाही.

निकालानंतर अर्जांच्या वाटा वेगवेगळ्या असतात. आयआयटींकडे प्रत्येकी स्वतंत्र अर्ज करायचा, पण जागा स्वीकारायची ती कोॲप या सामाईक पोर्टलवर. नागपूरच्या व्हीएनआयटीसह सगळ्या एनआयटींसाठी सीसीएमटी ही सामाईक प्रवेशप्रक्रिया. व्हीजेटीआयसारख्या राज्यातल्या संस्थांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेशप्रक्रिया. कोॲपवर नाकारलेली जागा पुन्हा समोर येत नाही, म्हणून पसंतीची यादी फेरी सुरू होण्याआधीच कागदावर उतरवून ठेवा. यादी करताना त्या विभागातल्या प्राध्यापकांचे गेल्या चार-पाच वर्षांतले शोधनिबंध उघडा आणि त्यात विद्यार्थ्यांची नावं आहेत का, मोजमापाचे आलेख आहेत का, ते बघा. मोठ्या नावाच्या पण मोजमाप न करणाऱ्या गटापेक्षा लहान संस्थेतली चालती प्रयोगशाळा मी केव्हाही वर ठेवीन. गेटच्या गुणांवर आलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळणारं विद्यावेतन बरीच वर्षं दरमहा १२,४०० रुपये आहे आणि त्याबदल्यात आठवड्याला साधारण आठ तास अध्यापन-साहाय्य करावं लागतं. घरचं गणित आधीच मांडून ठेवा.

पहिलं सत्र विषयांचं. त्याच सत्रात दोन-तीन प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसा. सीनियर विद्यार्थ्यांना विचारा, सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळा भेटतात, बोर्ड बनवायला पैसे मिळतात का, यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करतं. गाइडशी बोलताना शीर्षक मागू नका. ‘आधीच्या बॅचचं काम कुठे अडलं?’ असं विचारा. चांगला प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरणादाखल पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच धरू. साध्या सिम्युलेशनमध्ये मॉसफेट आदर्श असतो, तारांना इंडक्टन्स नसतो आणि सगळं सुरळीत चालतं. त्यावर तीन महिने घालवू नका. ढोबळ आकडे जुळले की बोर्ड मागवा, कारण बोर्ड आणि भाग हाती यायला आठवडे लागतात आणि पहिला बोर्ड दुरुस्त करावाच लागतो.

बोर्डाला वीज देताना सप्लायची करंट मर्यादा अगदी कमी ठेवा आणि व्होल्टेज हळूहळू चढवा. प्रोब स्कोपच्या चौकोनी सिग्नलवर लावून कॉम्पेन्सेट करा. साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप स्कोपच्या आतून थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती घरगुती विजेशी जोडलेल्या सर्किटच्या भलत्याच टोकाला लावली की शॉर्ट झालाच समजा. काहीजण त्यावर उपाय म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडतात. हे कधीही करू नका, त्याने स्कोपच्या धातूच्या भागांवर जीवघेणं व्होल्टेज येतं. डिफरन्शियल प्रोब मागून घ्या. बंद केल्यावरही डीसी बसचा कपॅसिटर मीटरने तपासल्याशिवाय हात लावू नका आणि रात्री प्रयोगशाळेत एकटे काम करू नका.

मोजमापावर शंका घ्यायला शिका. समजा, आत १०० वॉट जातात आणि बाहेर ९५ येतात. कार्यक्षमता ९५ टक्के लिहून आपण मोकळे होतो. पण दोन्ही मापांत एकेक टक्का चूक असेल, तर ५ वॉटचा तोटा प्रत्यक्षात ३ वॉट असेल किंवा ७. असं असताना ‘आमच्या पद्धतीने तोटा अर्ध्या वॉटने घटला’ हे वाक्य लिहिता येत नाही. त्यासाठी जास्त अचूक मीटर हवेत, नाहीतर तापमानावरून थेट तोटाच मोजायला हवा. मोजमापातल्या चुकीवरचा असा एक परिच्छेद प्रबंधात प्रामाणिकपणे आला, तर परीक्षक बाकीची पानं विश्वासाने वाचतात.

लिखाण शेवटच्या महिन्यासाठी ठेवू नका. आलेख निघाला त्याच दिवशी खाली चार ओळी लिहा: कोणतं उपकरण, कोणती सेटिंग, कोणती तारीख. प्रबंध सादर झाला की सर्किटच्या आकृत्या, भागांची यादी, कोड, कच्च्या नोंदी आणि जळालेल्या बोर्डांची कारणं एका फोल्डरमध्ये घालून पुढच्या बॅचच्या विद्यार्थ्याला समोर बसवून समजावून द्या. त्यासाठी दोन दिवस राखून ठेवा. नाहीतर त्याचे पहिले सहा महिने तुमचंच काम पुन्हा करण्यात जातात.