जनित्र आणि चढण

विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीचा पल्ला तिच्या बॅटरीत साठविलेल्या विजेवर अवलंबून असतो. पल्ला वाढवावयाचा तर बॅटरी मोठी करावी लागते. आणि बॅटरी मोठी केली की गाडीचे वजन व किंमत वाढते. या पेचातून सुटण्याचा एक मार्ग अभियंत्यांना फार पूर्वीच सुचला होता. गाडीवरच एक लहान एंजिन व त्याला जोडलेले जनित्र बसवावे, आणि त्या एंजिनाने चाके न फिरविता केवळ वीज निर्माण करावी, असा तो मार्ग होय. व्हिएन्ना येथील लोनर यांच्या कारखान्यातील तरुण अभियंते फर्डिनांड पोर्शे यांनी 1900 साली अशी एक गाडी तयार केली आणि तिला ‘सेंपर व्हिवुस’, म्हणजे ‘सदैव जिवंत’, असे लॅटिन नाव दिले. तिच्यातील पेट्रोल एंजिने जनित्रे फिरवीत. चाकांना गती मिळे ती त्यांच्या तुंब्यांत बसविलेल्या विद्युत् चलित्रांपासून.

हे जनित्र किती मोठे असावे, हा खरा प्रश्न आहे. वेग घेताना गाडीला क्षणभर फार मोठी शक्ती लागते. परंतु सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना तिची गरज बरीच कमी असते. घराच्या गच्चीवरील टाकीत लहानसा पंप दिवसभर पाणी चढवीत राहिला, तरी सकाळची मोठी मागणी टाकी भागविते. त्याचप्रमाणे जनित्राने सरासरी गरज भागवावी व वाढीव मागणी बॅटरीने पुरवावी, असे हे तत्त्व आहे. मात्र त्यात एक अट गृहीत धरलेली आहे. मागणी वाढेल तेव्हा टाकीत काही पाणी शिल्लक असले पाहिजे.

ही अट मोडल्यास काय होते, हे बी.एम.डब्ल्यू. कंपनीच्या ‘आय-3’ या गाडीवरून समजते. ही गाडी 2013 साली बाजारात आली. जनित्र असलेल्या तिच्या प्रकारात 647 घन सेंमी. क्षमतेचे, मुळात स्कूटरसाठी बनविलेले एंजिन होते व त्यापासून सुमारे 25 किलोवॅट शक्ती मिळे. या व्यवस्थेमुळे गाडीचे वजन सुमारे 120 किलोग्रॅमने वाढले. अमेरिकी मापनानुसार 2014 साली केवळ बॅटरीवरील पल्ला 130 किलोमीटरांवरून 116 किलोमीटरांवर आला. उलट जनित्र धरून एकूण पल्ला सुमारे 240 किलोमीटर झाला.

आता आपण एक साधा हिशेब करू. प्रवाशांसह दीड टन वजनाची अशी गाडी ताशी 100 किलोमीटर वेगाने, शंभर मीटरला सहा मीटर उंची देणारी चढण चढत आहे असे समजा. हवेचा व रस्त्याचा रोध मोडण्यास सुमारे 15 किलोवॅट, आणि वजन वर उचलण्यास सुमारे 25 किलोवॅट, अशी एकूण 40 किलोवॅट शक्ती लागेल. जनित्र 25 देते. उरलेले 15 किलोवॅट बॅटरीतून आले पाहिजेत. दहा किलोमीटरांची चढण सहा मिनिटांत संपते. तेवढ्या वेळात बॅटरीतून दीड युनिट वीज जाईल. त्या बॅटरीतील उपयोगी साठा 19 युनिटांपेक्षा किंचित कमी होता. त्यातील 30 टक्के शिल्लक असेल तर साडेपाच युनिटांहून अधिक वीज हाताशी राहते व चढण सहज पार पडते. परंतु सहा टक्केच शिल्लक असेल तर जेमतेम 1.1 युनिट उरते. माथा येण्यापूर्वीच शक्ती अपुरी पडते, वेग आपोआप घटू लागतो, आणि मागून भरधाव येणाऱ्या वाहनांपुढे चालक अडचणीत सापडतो. उतारावर काही वीज परत मिळते हे खरे; पण ती माथा ओलांडल्यावर मिळते.

अमेरिकेत हीच स्थिती उद्भवली, आणि तिचे कारण केवळ यांत्रिक नव्हते. कॅलिफोर्निया राज्याने अशा गाड्यांचा एक स्वतंत्र वर्ग ठरविला होता. जनित्रावरील पल्ला बॅटरीवरील पल्ल्याहून अधिक नसावा आणि बॅटरी जवळजवळ संपेपर्यंत जनित्र सुरू होऊ नये, असा नियम होता. शहरातील हवा स्वच्छ राहावी, हा त्यामागील हेतू रास्तच होता. परंतु त्यामुळे तेथील गाड्यांत सुमारे सहा टक्के साठा उरल्यावरच जनित्र सुरू होई. युरोपात मात्र साठा बराच शिल्लक असतानाही चालकाला ते सुरू करता येत असे. यंत्र तेच होते. फरक होता तो शिलकीचा.

शेव्हरले कंपनीच्या, 2010 साली आलेल्या ‘व्होल्ट’ गाडीत या अडचणीवर अगोदरच उपाय योजला होता. तिचे एंजिन 1.4 लिटरचे, म्हणजे दुपटीहून मोठे होते. शिवाय डोंगराळ प्रदेशासाठी एक वेगळी कळ होती. ती दाबली असता गाडी बॅटरीत अधिक साठा राखून ठेवी. चढण येण्याच्या सुमारे वीस मिनिटे आधी ती दाबावी, अशी सूचना चालकास दिलेली असे.

पुढे बॅटऱ्या स्वस्त व मोठ्या झाल्या. ‘आय-3’ची बॅटरी 2018 साली 42 युनिटांची झाली, तेव्हा कंपनीने युरोपात जनित्राचा प्रकार बंद केला. तथापि ही कल्पना मागे पडली नाही. चीनमधील लि ऑटो कंपनीने 2019 साली आणलेल्या गाडीत सुमारे 40 युनिटांची बॅटरी आणि 1.2 लिटरचे एंजिन अशी दोन्ही साधने एकत्र आणली.

म्हणून अशा गाडीची पारख करताना केवळ एकूण पल्ल्याचा आकडा पाहणे पुरेसे नाही. जनित्र सतत किती किलोवॅट देऊ शकते, आपल्या नेहमीच्या मार्गावरील सर्वांत लांब चढणीला किती शक्ती लागते, आणि बॅटरीत किती साठा उरला असता जनित्र सुरू होते, या तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. चढणीवर गाडी आपला वेग राखील की नाही, हे त्यांच्या उत्तरांवरून आधीच सांगता येते.